नव्या थेरपिस्टच्या पहिल्या चार भेटी

लेखमाला : मनाची विचारपूस

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात दिवसभर माणसांचा राबता असतो. जिल्हा परिषदेत कामं घेऊन आलेली तालुक्याची माणसं, स.भु. महाविद्यालयातली मुलंमुली, पुस्तकांची दुकानं, भाजीमंडईतली गर्दी. सगळं शहर कधी ना कधी इथून जातं. म्हणूनच इथला एखादा जिना चढून थेरपिस्टच्या दारापर्यंत जाताना ‘आपल्याला बरं वाटेल का’ याच्या आधी ‘ओळखीचं कुणी पाहिलं तर’ हाच विचार मनात येतो. मदत कधी घ्यावी, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आता अपॉइंटमेंट घेतली आहे. आत गेल्यावर काय होणार?

मन मोकळं करू आणि हलके होऊन खाली उतरू, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. पहिल्या भेटीत तसं क्वचितच होतं. पाऊण तासाच्या त्या भेटीत विचारपूसच जास्त असते. घरात कोण कोण आहे, त्रास केव्हापासून आहे, झोप लागते का, जेवण जातं का, कुठली औषधं चालू आहेत, घराण्यात आधी कुणाला असं काही झालं होतं का. काहींना ही चौकशी कोरडी वाटते. पण थायरॉईड बिघडला तरी माणूस उदास, थकलेला दिसू शकतो, आणि अशा वेळी नुसतं बोलून भागत नाही. म्हणून हे विचारावंच लागतं.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ हा प्रश्नही सरळ येईल. दचकू नका. असं विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. उलट, मनात तसं काही असेल तर ते बोलायला पहिल्यांदाच जागा मिळते. तेव्हा खरं सांगा, अर्धवट सांगू नका.

विचारण्याचा हक्क तुम्हालाही आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात याचं मला वाईट वाटतं. साडी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, इथे मात्र मान खाली घालून बसतो. तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे खुशाल विचारा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं तेच लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र उत्तम प्रशिक्षणही असू शकतं आणि चार दिवसांचं शिबिरही. चांगल्या माणसाला असं विचारल्याचा राग येत नाही.

काम कोणत्या पद्धतीने चालणार, हेही विचारा. कुणी विचारांची उलटतपासणी करायला शिकवतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत किशोर फडके यांनी आपल्याकडे रुजवली. तिच्यात घरी करायचा अभ्यासही असतो, वहीत लिहून आणायचा. कुणी लहानपणापासूनच्या नात्यांकडे वळतात, आणि तो प्रवास लांबचा असतो. फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर ती भरावी लागते का, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. फी परवडणारी नसेल तर घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

आता गुप्ततेचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ने तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. अपवाद मोजकेच : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश, असे. लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पॉक्सो कायद्यानुसार ती कळवावीच लागते. हे सगळं थेरपिस्टने आधी सांगायला हवं. न सांगितल्यास आपण विचारावं.

पण आपल्या शहरात खरी पंचाईत कायद्याच्या पलीकडची आहे. मंगळवारी ज्यांच्यासमोर रडलात, त्या मॅडम शनिवारी मंडईत मेथीची जुडी निवडताना दिसतात, आणि शेजारी तुमच्या सासूबाई उभ्या असतात. थेरपिस्ट मंडळींचा रिवाज असा, की बाहेर भेट झाली तर ते आपणहून ओळख दाखवत नाहीत. तुम्ही हसलात तर हसतील, नाहीतर पुढे निघून जातील. हे माहीत नसलं की ‘मॅडमनी बघूनही न बघितल्यासारखं केलं’ हे मनाला लागतं. त्यामुळे ‘बाहेर दिसलो तर काय करायचं?’ हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. घरच्यांचंही तसंच. सोबत आई किंवा नवरा आलाच, तर त्यांना आत कधी घ्यायचं, किती सांगायचं, हे सज्ञान माणसाने स्वतः ठरवायचं असतं. ‘त्यांच्याशी तुम्ही परस्पर बोलू नका’ असं म्हणणं उद्धटपणाचं नाही.

ज्यांचा आधीचा थेरपिस्ट बदलून गेला किंवा ज्यांनी स्वतःच सोडला, त्यांचं दुखणं वेगळं. ‘पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं?’ या विचारानेच कित्येक जण वर्ष-वर्ष घरी बसतात. सगळं सांगायची गरज नाही. आधीच्या थेरपिस्टकडून कामाचा थोडक्यात सारांश मागून घ्या. नोंदी मागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम २५ने दिला आहे. नव्यांना मात्र दोन गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगा : आधी कशाने बरं वाटलं, आणि काय अजिबात मानवलं नाही. आधीच्या माणसाची आठवण येते, नव्यांची सारखी तुलना होते, हेही बोलण्यासारखंच आहे. नवे लोक त्याने दुखावत नाहीत.

एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९मध्ये म्हटलं, की उपचार तीन गोष्टींवर उभा राहतो : दोघांमधला विश्वास, कुठे पोचायचं याबद्दलचं एकमत, आणि त्यासाठी काय करायचं याबद्दलचं एकमत. पहिल्या तीन-चार भेटींत हेच जमतंय का, ते तपासायचं. पहिल्या भेटीनंतर डोकं जड होणं, रात्री जुनं काहीबाही आठवणं, हे होतं. एवढ्यावरून माणूस चुकीचा ठरवू नका. पण तुमचं बोलणं तोडून उपदेश होत असेल, जातीवरून, लग्नावरून, तुमच्या आवडीनिवडीवरून शेरे येत असतील, तर तिथे थांबू नका.

या दोन टोकांच्या मधलं बरंच काही बोलून सुटतं. “मॅडम, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, आईचंही बरोबर असेल. ते मला लागलं. आठवडाभर तेच डोक्यात होतं.” एवढं एक वाक्य म्हणून बघा. आपल्याकडे मोठ्यांना, शिकलेल्यांना असं तोंडावर सांगायची सवय नाही. जमलं नाही की आपण जाणंच बंद करतो, फोन उचलत नाही. कसलेला थेरपिस्ट हे ऐकून सफाई देत बसत नाही. तो खुर्ची पुढे ओढतो आणि नेमकं काय लागलं ते विचारतो. पुष्कळदा खरं काम त्या भेटीपासून सुरू होतं.

(पुढच्या आठवड्यात : मनाच्या आजारांची औषधं आणि त्यांच्याबद्दलची भीती.)