कव्हर कुठलं करायचं?

गेल्या गॅदरिंगला आमच्या बँडचं पहिलं गाणं ज्यांनी ऐकलं, त्यांची आधी माफी मागतो. दुसऱ्या कडव्यात आमच्या गायिकेचा आवाज फाटला, तो तिच्या चुकीमुळे नाही. गाणं मी निवडलं होतं आणि निवडताना फक्त गिटारच्या सोलोचा विचार केला होता. सोलो मला येत होता, बस्स! पट्टी रेकॉर्डमधलीच ठेवली. ती बिचारी तीन आठवडे सांगत होती, "अरे, वरचा सूर लागत नाहीये," आणि मी म्हणत होतो, "लागेल गं, स्टेजवर लागेल." नाही लागला. त्यानंतर दोन महिने ती प्रॅक्टिसला आली नाही. आता आली आहे ती एका अटीवर : गाणी सगळ्यांनी मिळून निवडायची. त्यासाठी (सबमिशन्स बाजूला ठेवून) जो अभ्यास केला, तो इथे मांडतोय.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या पोरांनी तेच मोठ्या अ‍ॅम्पवर, कान बसतील इतक्या जोरात वाजवलं. हेच हेवी ब्लूज. म्हणजे क्रीम, लेड झेपलिन वगैरे ज्यांना आपण 'ओरिजिनल' समजतो, ती मंडळीसुद्धा बऱ्याचदा कव्हरच करत होती! म्हणून त्यांचं गाणं बसवायच्या आधी, ते ज्याच्यावरून केलं ते जुनं रेकॉर्डिंग ऐका.

'क्रॉसरोड्स' घ्या. रॉबर्ट जॉन्सनने ते १९३६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एकट्याने, एका गिटारवर गायलं. ब्लूजचं एक आवर्तन साधारण बारा बारचं, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, आणि सगळ्यात मिळून कॉर्ड फक्त तीन. पण जॉन्सन हा हिशोब काटेकोर पाळत नाही. एकट्याला कोण विचारणार? क्रीमच्या तिघांना ते परवडणारं नव्हतं. १९६८ च्या त्यांच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये मात्रा सरळ केलेल्या आहेत, गिटारची एक रिफ पकडून सगळं गाणं तिच्यावर उभं केलंय आणि जॉन्सनच्याच दुसऱ्या गाण्यातलं एक कडवं आणून बसवलंय. सांगाडा त्याचा, चाल यांची. आम्ही मात्र क्रीमची जशीच्या तशी नक्कल करायला बसलो होतो. ती झाली तरी ऐकणारा म्हणणार, मग सीडीच लाव ना!

आता हॉल. रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवून बघा, किती वेळ घुमते ते. मिनिटाला १६० ठोके असतील तर दोन ठोक्यांमध्ये ०.३७५ सेकंद मिळतात, ७२ असतील तर ०.८३. घुमणाऱ्या हॉलमध्ये वेगवान गाण्याचा नुसता काला होतो. लेड झेपलिनने 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) मध्ये हेच घुमणं वापरून घेतलं : ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याखाली ठेवले आणि माइक वर टांगले. मूळ गाणं कॅन्सस जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी यांचं, १९२९ मधलं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. हळू, जड, आणि कॉर्डही फारशा बदलत नाहीत. आमच्या हॉलसाठी एकदम फिट.

पट्टी मात्र गाणाऱ्याचीच. गिटारवाल्यांना 'ई' आवडतो कारण मोकळ्या तारा मिळतात, पण तेवढ्यासाठी कुणाचा गळा पणाला लावू नये. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा. हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे व्हॉन दोघंही उतरवत असत. फ्रिक्वेन्सी ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे अर्धा सूर खाली म्हणजे ताण सुमारे ११ टक्के कमी. तिला सूर लागतो आणि माझी बोटंही वाचतात. हे फर्स्ट इयरलाच शिकलो होतो, डोक्यात प्रकाश पडायला गॅदरिंगमध्ये पचका व्हावा लागला.

वेळेचंही बघा. क्रीमचं १९६८ चं लाइव्ह 'स्पूनफुल' सोळा मिनिटांच्या वर जातं आणि आपल्याला स्टेज मिळतं पंधरा मिनिटं, त्यातली पाच केबल शोधण्यात जातात.

आणि निवेदकाच्या चिठ्ठीवर मूळ गीतकाराचं नाव लिहून द्या. 'स्पूनफुल' विली डिक्सनचं. याच डिक्सनला 'होल लोटा लव्ह'मधल्या आपल्या शब्दांसाठी १९८५ मध्ये लेड झेपलिनवर दावा लावावा लागला होता. १९८७ मध्ये तडजोड झाली. आपल्याला एक ओळ लिहायला काय जातंय?

आमचं पहिलं गाणं 'लेव्ही' ठरलंय, पट्टी तिने ठरवली. दुसऱ्यावरून अजून भांडण चालू आहे. ड्रमरला शफल हवाय, पण त्याच्या हाताला तो अजून बसलेला नाही. रात्री साडेनऊनंतर मेसमधून ठोके ऐकू आले तर तो तोच आहे, कृपया रेक्टर सरांना सांगू नका.