लंडनला प्रथमच जाताना

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला गेले व तेथे त्यांनी ‘ग्रेज इन’ आणि ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले व १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळविली. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे पुसद, उमरखेड, वणीकडील शेतमजुराच्या मुलालाही त्या शहराचे दार उघडे आहे. परंतु प्रवेश मिळूनही केवळ माहिती नसल्यामुळे आपले विद्यार्थी बिचकतात. त्यांची ही भीती जावी म्हणून चार गोष्टी सांगत आहोत.

निघण्यापूर्वी

पासपोर्ट, गुणपत्रिका व जातीचा दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. फरक असल्यास दुरुस्तीला वेळ लागतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर क्षयरोग नसल्याचा दाखला मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावा लागतो. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती येईपर्यंतच्या खर्चाची तजवीज घरूनच करावी.

१९१७ साली बाबासाहेबांनी दुसऱ्या जहाजाने पाठविलेली ग्रंथसंपदा जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. आज तसा धोका नसला तरी सामान चुकते, उशिरा येते. म्हणून मूळ कागदपत्रे, औषधे व एक गरम कपडा हातातील पिशवीतच ठेवावा. तूप, खव्याची मिठाई, मांस नेण्यास तेथे बंदी आहे. तिखट-मसाला चालतो. विजेची पिन वेगळी असते, तेव्हा ॲडॉप्टर सोबत घ्यावा.

पोहोचल्यावर

विमानतळावर अधिकारी विचारतात : कशासाठी आलात, कोठे राहणार, खर्च कोण करणार? साध्या इंग्रजीत, विचारले तेवढेच सांगावे. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही.

हीथ्रो विमानतळावरून शहरात जाण्यास भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन स्वस्त पडते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. ‘ऑयस्टर’ कार्ड किंवा बँकेचे कार्ड लागते. बसमध्ये ते चढतानाच यंत्राला लावायचे, भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना व बाहेर पडताना दोन्ही वेळा. विसरल्यास जास्तीत जास्त भाडे कापले जाते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे, डावी बाजू घाईच्या लोकांसाठी सोडावी. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. संकटात ९९९ क्रमांक फिरवावा.

खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अनोळखी माणसाला पैसे पाठवू नयेत. यात अनेक जण फसतात. पहिल्या वर्षी विद्यापीठाचे वसतिगृह बरे. राहायला गेल्यावर लगेच जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासच काम करता येते. चार पौंडांच्या मोहाने ही मर्यादा ओलांडली तर व्हिसा जाऊ शकतो, आणि त्यासोबत घरच्यांचे सारे कष्टही.

पाहण्यासारखे

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. चॉक फार्म स्टेशनवरून तेथे पायी जाता येते. वेळ आधी पाहून जावे. भोवती लोकवस्ती आहे, म्हणून शांतता पाळावी. बाबासाहेब जेथे ग्रंथ वाचीत बसत, त्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेश विनामूल्य आहे. अनागारिक धर्मपाल यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेला लंडन बुद्धिस्ट विहार आता चिझिक भागात आहे. घरची आठवण अनावर झाली तर तेथे वंदनेला जावे.

शेवटी एकच विनंती. जो जाईल त्याने आपला अनुभव, भाडे, खर्च, अडचणी लिहून ठेवाव्यात व मागून येणाऱ्याला द्याव्यात. आपल्या घरात विचारावे असा जाणता माणूस बहुधा नसतो. पहिल्याने वाट सांगितली तर दुसऱ्याला ती चाचपडत शोधावी लागणार नाही. जयभीम!