महाग पेट्रोलने गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढतं का?

पंपावर गाडी लावली की नोझल हातात घेऊन कर्मचारी विचारतो, ‘साधं की पॉवर?’ मागे रांग असते, उत्तर लगेच द्यायचं असतं. महाग आहे म्हणजे चांगलंच असणार, इंजिनाला मानवेल, अ‍ॅव्हरेजही वाढेल, असा विचार करून अनेकजण लिटरमागे जास्तीचे पैसे मोजतात. हे पैसे वसूल होतात का, याचं उत्तर विज्ञानाकडे आहे. ते प्रत्येक वाहनमालकाला ठाऊक असायला हवं, कारण हा खर्च दर टाकीमागे होतो.

महागड्या पेट्रोलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे वाढीव ऑक्टेन, दुसरी म्हणजे इंजिनाची सफाई करणारी रसायनं. दोन्हींचं काम वेगळं, त्यामुळे हिशेबही वेगळा मांडावा लागतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलच्या वाफेचं मिश्रण पिस्टन दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. पण दाबल्यामुळे मिश्रण तापलेलं असतं. ज्वाला पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटलं, तर दाबाच्या लहरी धातूवर आदळतात आणि पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते जोरात आणि सतत होत राहिलं तर पिस्टन खराब होतो. इंधन अशा अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही, हे ऑक्टेन आकडा सांगतो. लिटरमध्ये ऊर्जा किती, हे तो सांगत नाही. इथेनॉलचंच बघा. त्याचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे, पण लिटरमागे त्यातली ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते.

हा आकडा मोजण्याची रीत बघण्यासारखी आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेलं एका सिलिंडरचं ‘सीएफआर’ इंजिन आजही त्यासाठी प्रमाण मानतात. ते चालू असतानाच त्याचा सिलिंडर वरखाली सरकवून कम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते प्रमाण, बदलता येतं. मिनिटाला ६०० फेऱ्यांनी इंजिन फिरत ठेवायचं, नमुन्याचं पेट्रोल सोडायचं आणि नॉकिंग ठरावीक तीव्रतेला येईपर्यंत दाब वाढवत न्यायचा. मग आयसो-ऑक्टेन आणि नॉर्मल हेप्टेन या दोन द्रवांची मिश्रणं त्याच स्थितीत जाळून पाहायची. आयसो-ऑक्टेनला १०० गुण, हेप्टेनला शून्य. ९१ टक्के आयसो-ऑक्टेन असलेल्या मिश्रणाइतकंच नॉकिंग करणारं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं ठरतं. अमेरिकेतल्या पंपांवर मात्र ही आणि आणखी एक, अशा दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

फायदा इंजिनाच्या रचनेत

मग ऑक्टेनचा उपयोग काय? मिश्रण जितकं जास्त दाबावं तितकी इंजिनाची कार्यक्षमता वाढते. कम्प्रेशन रेशो १० वरून १२ वर नेला, तर आदर्श इंजिनाची सैद्धांतिक कार्यक्षमता ६० टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर जाते. खऱ्या इंजिनात हे आकडे बरेच कमी असतात, पण दिशा तीच. मात्र जास्त दाबाला जास्त ऑक्टेन लागतो. म्हणजे वरच्या ऑक्टेनचा खरा लाभ इंजिन आखणाऱ्या अभियंत्याला मिळतो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या आपल्या गाडीचा कम्प्रेशन रेशो पेट्रोल बदलून बदलत नाही.

बदलू शकते ती ठिणगीची वेळ. आजच्या गाड्यांच्या इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. त्यातला स्फटिक कंपनं टिपतो. नॉकिंग जाणवलं की संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण थोडी शक्ती वाया जाते. चांगला ऑक्टेन मिळाला तर ठिणगी पुन्हा योग्य वेळेवर येते. टर्बो इंजिनात, घाटात भरलेली गाडी चढवताना किंवा कडक उन्हात हा फरक पडू शकतो. मुळात नॉकिंगच होत नसेल, तर वाढीव ऑक्टेनला करायला कामच उरत नाही.

अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने याच्या चाचण्या घेतल्या. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत २०१६ मध्ये प्रीमियमचा, म्हणजे वरच्या ऑक्टेनच्या पेट्रोलचा, लक्षणीय फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये, जिथे निर्मात्याने प्रीमियमची शिफारस केली आहे पण सक्ती नाही, अशा गाड्या तपासल्या. तिथे अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी सुधारलं. एका गाडीत ते ७ टक्क्यांपर्यंत वाढलं, तर एकीत चक्क घटलं.

आपल्याकडे आता आणखी एक गोष्ट घडली आहे. आपलं साधं पेट्रोल बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या काळात ९१ ऑक्टेनचं होतं. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ वर पोचलं, असं केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केलं. तेव्हा केवळ ‘९५’ या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचं कारण बरंचसं संपलं आहे.

सफाईची रसायनं

डिटर्जंटचा दावा जास्त भक्कम आहे. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांवर आणि इनटेक व्हॉल्व्हवर हळूहळू राप चढतो, फवारा बिघडतो. पॉलिइथर-अमाइनसारखी रसायनं हा थर धरू देत नाहीत. अमेरिकेत १९९५ पासून सर्वच पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट सक्तीचं आहे. तरीही २००४ मध्ये काही वाहननिर्मात्यांनी मिळून त्याहून कडक ‘टॉप टिअर’ निकष आणला. इथे ऑक्टेनचा संबंध नाही. सफाईने इंजिनाचं गेलेलं अ‍ॅव्हरेज काही प्रमाणात परत येतं. स्वच्छ इंजिनाला नवं अ‍ॅव्हरेज मिळत नाही. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत ते इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळे तिथला राप पेट्रोलमधल्या रसायनाने निघत नाही.

आता पैशांचं गणित. साध्या पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी घ्या. महाग पेट्रोल ८ टक्क्यांनी जास्त दराचं असेल, तर पैसे वसूल व्हायला तिने १६.२ किलोमीटर द्यायला हवेत. शिफारस असलेल्या गाड्यांतही सरासरी वाढ तीन टक्क्यांच्या आतच होती. म्हणून गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात वरचा ऑक्टेन सक्तीचा असेल तर तोच भरा, तिथे काटकसर नको. शिफारस असेल तर निवड तुमची. उल्लेख नसेल तर साधं पेट्रोल पुरेसं आहे. त्यापेक्षा टायरमधली हवा नियमित तपासा आणि महामार्गावर वेग आवरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी १०० ऐवजी ८० ने गेलात तर तो एक तृतीयांशाहून थोडा जास्तच उतरतो.

तरीही खात्री करायची असेल तर टाकी फुल ते टाकी फुल मोजा. पंप तोच, रस्ता तोच, दोन्ही प्रकारच्या किमान चार-पाच टाक्या, कारण एसी आणि ट्रॅफिकमुळेच अ‍ॅव्हरेज तीन टक्क्यांहून जास्त हलतं. महाग पेट्रोल भरलंय हे माहीत असलं की पायही नकळत हलका पडतो. त्यामुळे पेट्रोल घरातल्या दुसऱ्या कुणाला भरायला सांगा, आणि सगळ्या टाक्यांचे आकडे वहीत येईपर्यंत कोणतं भरलं ते विचारू नका.