नट सुटत नाही तेव्हा

पावसाळा ओसरला की द्राक्षाच्या आणि संत्र्याच्या बागांमध्ये ओळींमधलं गवत कापायला ट्रॅक्टरमागचा स्लॅशर लागतो. ऊसपट्ट्यात तोडणी झाली की पाचट कुट्टीचं यंत्र शेतात उतरतं. मधले कित्येक महिने ही अवजारं शेडच्या कडेला, नाहीतर बांधावर उघडीच पडलेली असतात. मग ऐन कामाच्या दिवशी पातं बदलायला घ्यावं, तर बोल्ट जागचा हलत नाही. पान्याला लांब पाइप अडकवला जातो, दोघं जण जोर लावतात आणि बोल्टचं डोकं तुटून हाती येतं. आता उरलेला बोल्ट ड्रिलने पोखरा, टॅप फिरवून आटे पुन्हा पाडा, तेही धरले नाहीत तर लेथवाल्याचं दार गाठा. तासाभराच्या कामाचे दोन दिवस होतात.

जाम झालेला भाग सोडवताना जोराची पाळी फार उशिरा येते. आधी तो कशामुळे अडकलाय हे ओळखावं लागतं, आणि गवत कापणाऱ्या यंत्रात त्याची कारणं बरीच असतात. पहिलं अर्थातच गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या केसभर फटीत तो तयार झाला की नट आणि बोल्ट आतूनच एकमेकांवर दाबले जातात. त्यात या यंत्रांच्या पोटाला ओलं गवत, माती आणि झाडांचा रस यांचा लगदा चिकटून राहतो. हा लगदा ओल धरून ठेवतो, त्यामुळे बाहेर ऊन पडलं तरी आत गंज चढतच राहतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विचारायलाच नको.

दुसरं कारण मार. पातं दगडावर आपटलं की बोल्ट किंचित वाकतो, आटे चेपतात. असा बोल्ट रात्रभर तेलात ठेवला तरी सुटणार नाही, तो कापूनच काढावा लागतो. तिसरं कारण आपल्या बागांमध्ये सर्रास दिसतं, तरी त्याकडे लक्ष जात नाही: ठिबकची नळी, सुतळी, बांधणीची तार. पात्याच्या वर, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती यांपैकी काहीही गुंडाळलं जातं, घर्षणाने तापतं आणि ऑइल सील खातं. सील गेलं की तेल गळतं, तेल संपलं की बेअरिंग जळतं आणि शाफ्ट फिरेनासा होतो. अशा वेळी हातोडा उचलण्याआधी चाकूने तो वेढा कापून आत नीट बघितलं पाहिजे.

काम सुरू करण्याआधी ट्रॅक्टर बंद, पीटीओ (अवजाराला फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) सुटलेला आणि चावी स्वतःच्या खिशात. अवजार नुसतं हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली कुणीही शिरू नये. लिव्हरला धक्का लागला किंवा आतून दाब गळाला तर ते खाली येतं. खाली भक्कम ओंडके किंवा लोखंडी स्टँड हवेतच.

मग तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे स्वच्छ करायचे. मातीवर ओतलेलं तेल मातीच पिते. गंज सोडवणारं तेल पातळ असतं, म्हणून ते बारीक फटीत आपोआप खेचलं जातं, पण त्याला वेळ लागतो. स्प्रेचा निळा-पिवळा डबा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डब्ल्यूडी-40 हे द्रव्य 1953 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोत तयार झालं, ते मुळात धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. वर्षानुवर्षं बसलेल्या गंजासाठी खास पेनेट्रेटिंग तेल घेतलेलं बरं. तेल सोडायचं, नटाच्या एका बाजूला जड घण टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडीचे नेमके ठोके द्यायचे, पुन्हा तेल सोडायचं. या ठोक्यांनी गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. चांगला फिटर गिऱ्हाइकाला सांगतो, "दादा, आज ठेवून जा, उद्या सकाळी बघू." ते टाळाटाळ म्हणून ऐकू नये. रात्रभर तेल मुरू देणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.

दुसऱ्या दिवशी सहाकोनी सॉकेट किंवा रिंग पाना घ्यावा. बाराकोनी पान्याने गंजलेला नट चटकन गोल होतो. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने हलवावा, मग सोडायच्या. हलला की थोडा सोडायचा, परत आवळायचा, तेल द्यायचं. आणि आटे उलटे नाहीत ना, हे तपासावं. काही डिस्क मोअरमध्ये उलट्या दिशेने फिरणाऱ्या तबकड्यांना डावे आटे असतात. तिथे सोडतोय असं समजून माणूस नट आणखी आवळत बसतो.

तेलाने भागलं नाही तर उष्णता. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. 20 मिलिमीटर व्यासाचा नट 300 अंशांनी तापवला तर त्याचं भोक सुमारे 0.07 मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला नगण्य, पण गंजाची पकड सुटायला ते पुरतं. ज्योत बाजूला केल्यावर गरम नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली की मेण पातळ होऊन आट्यांमध्ये ओढलं जातं. हे प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे: मेण आधी कडेला चमकतं आणि मग आत नाहीसं होतं.

उष्णतेचा धोकाही तितकाच खरा आहे. यंत्राखालचं वाळलेलं गवत, सांडलेलं तेल, ग्रीस आधी काढून टाकायचं आणि पाण्याची बादली जवळ ठेवायची. बंद नळी किंवा बंद गिअरबॉक्स तापवला तर आतला दाब वाढून स्फोट होऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला भाग तापवल्यावर निघणारा धूर छातीत जाऊ देऊ नये. आणि पात्याचा लालबुंद झालेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, कारण डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असलेल्या बोल्टची ताकद इतक्या उष्णतेने उतरते. दीड मीटर व्यासाचं पातं मिनिटाला 900 फेरे फिरलं तर त्याच्या टोकाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. तिथला बोल्ट नवाच हवा.

सगळ्यात हट्टी जागा म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली, पाती धरणारी जड तबकडी. स्प्लिट पिन काढायची, मोठा नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. पुलर लावून ताण द्यायचा आणि शाफ्टच्या टोकाशी पुलरच्या स्क्रूवर घणाचा एक सरळ ठोका. ताण आणि झटका एकत्र आले की पकड सुटते. नाही सुटली तर ताण तसाच ठेवून थांबायचं. तबकडी सुटते ती अचानक, मोठा आवाज करून. काही आट्यांवर राहिलेला नटच तिला पायावर पडू देत नाही.

हे सगळं अडकलेलं डोळ्यांना तरी दिसतं. मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या जाम भागांची. पीटीओ शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या ग्रीसअभावी चिकटल्या, की अवजार उचलताना शाफ्टची लांबी बदलू शकत नाही. तो सगळा रेटा गिअरबॉक्सच्या आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर येतो. स्लिप क्लचच्या चकत्या पावसाळ्यात एकमेकींना गंजून चिकटल्या, तर दगड लागल्यावर क्लच घसरत नाही आणि गिअरचे दात तुटतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला क्लचच्या प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवावी, नट सारखेच सैल करावेत, चकत्यांवर खडूची एक आडवी रेघ ओढावी आणि सगळ्यांना दूर ठेवून, इंजिन मंद ठेवून पीटीओ दोन-तीन सेकंदच जोडावा. ट्रॅक्टर बंद केल्यावर रेघ तुटलेली दिसली तर क्लच जिवंत आहे; स्प्रिंग पुन्हा मोजलेल्या लांबीवर आवळाव्यात. रेघ सलग राहिली तर क्लच खोलून चकत्या वेगळ्या करून घासाव्या लागतील.

स्लिप क्लचऐवजी शिअर बोल्टचं, म्हणजे जादा भार आला की मुद्दाम तुटणाऱ्या बोल्टचं, अवजार असेल तर तो बोल्ट काढून, त्याने जोडलेला योक हाताने फिरतो का ते बघावं. फिरत नसेल तर बोल्ट तुटूनही शाफ्ट सुटणार नाही. तिथे तेल, ठोके आणि ग्रीस यांची पाळी आधी. आणि तुटलेल्या शिअर बोल्टच्या जागी हाताशी आला म्हणून जास्त ताकदीचा बोल्ट ठोकू नये, अवजाराच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच आणावा.