प्रेसमड : कारखान्याच्या गाळातील खत

बावडा व इंदापूर परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या आवारात काळपट, ओलसर गाळाचे ढीग साचू लागतात. हाच प्रेसमड होय. यास मळी असेही म्हणतात. परंतु साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट द्रवासही तेच नाव असल्याने मागणी करताना प्रेसमड असेच स्पष्ट सांगावे.

उसाच्या रसात कालवलेला चुना व गंधकाचा वायू सोडून रस तापवितात. रसातील स्फुरद चुन्याशी संयोग पावून तळाशी बसतो आणि जाताना माती, मेण व इतर सेंद्रिय द्रव्ये बरोबर नेतो. 100 टन उसामागे सुमारे 3 ते 4 टन गाळ मिळतो. उसाने जमिनीतून उचललेला स्फुरद येथे आयताच गोळा झालेला असतो. तो परत शेतात न नेणे हा तोटाच होय. खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यातील लोहही असेच गाळरूपाने बसवितात, व अमेरिकेतील ओहायो राज्यात त्यापासून रंगद्रव्य तयार करण्यात आले आहे.

मात्र ताजा प्रेसमड शेतात घालू नये. त्यातील साखर व मेण कुजताना ढीग तापतो, कोवळ्या मुळांना इजा पोहोचते आणि कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्र काही काळ अडवून ठेवतात. कंबरेइतक्या उंचीचे लांबट ढीग करून जिवाणू संवर्धक मिसळावे, ओलावा राखावा व अधूनमधून ढीग पालटावा. उष्णता व दुर्गंधी गेली आणि खत हातात भुसभुशीत लागले की ते तयार झाले असे समजावे.

नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींविषयी डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासह 1910 साली अहवाल लिहिला होता. तो प्रश्न अद्याप मिटलेला नाही. चोपण जमिनीत प्रेसमडमधील चुना व गंधक उपयोगी पडतात. परंतु चर खोदून पाण्याचा निचरा केल्यावाचून क्षार हलत नाहीत. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम माती परीक्षण करवून घ्यावे. आसवनीचे सांडपाणी मुरविलेले खत असल्यास त्यातील क्षारांचे प्रमाणही विचारावे.

ताज्या गाळात निम्म्याहून अधिक पाणीच असते. तेव्हा तो शक्यतो कारखान्याच्या आवारातच कुजवून मग गाडीत भरावा. नाहीतर भाडे पाण्याचे पडते.