इंजिन नवं, वाट जुनीच!

*हार्ट ट्रान्सप्लांट झालं, ऑपरेशन सक्सेसफुल, पण पेशंटला दोन जिने चढले की धाप लागते... इंजिन स्वॅप केलेल्या बऱ्याच गाड्यांचं नेमकं हेच होतं. आणि दोष बहुतेक वेळा नव्या हृदयाचा नसतो, जुन्या रक्तवाहिन्यांचा असतो!*

जिप्सीचं वेड असलेला एक तरी प्राणी प्रत्येक ऑफिसात असतोच. डेस्कटॉपवर जिप्सी, स्क्रीनसेव्हरवर जिप्सी आणि लंच टाइमला गप्पाही जिप्सीच्याच. मारुतीने ही गाडी १९८५ मध्ये आणली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं, जेमतेम ४५ बीएचपीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन होतं. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली आणि २००० साली तिला एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन मिळालं. पॉवर थेट ८० बीएचपी! कंपनीने आता ही गाडी बंद केलीय, त्यामुळे जुन्या जिप्सीला जिवापाड जपणारे आणखीच हळवे झालेत. मग डोक्यात किडा वळवळतो : जुन्या जिप्सीत नवं एमपीएफआय इंजिन टाकलं तर?

इंजिन मिळतं, बसतं, सुरूही होतं. पार्टी होते. आणि पहिल्याच घाटात गाडी झटके मारायला लागते. मग सुरू होतो खरा खर्च. कुणी म्हणतं ईसीयू गेला, कुणी म्हणतं इंजेक्टर बदल, कुणी सेन्सरकडे बोट दाखवतं. पगार जातो, गाडी तिथेच!

थांबा बॉस. आधी मोजा, मग बदला.

गोची कुठे होते?

कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं तरी पुरतं. इंजिनवर चालणारा छोटा मेकॅनिकल पंप साधारण पाव बार प्रेशर देतो आणि काम भागतं. एमपीएफआयमध्ये इंजेक्टरला पेट्रोलचा बारीक फवारा मारायचा असतो. त्यासाठी साधारण अडीच ते तीन बार प्रेशर लागतं, म्हणजे दहापट! नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. म्हणजे इंजिन बदललं की पंप, फिल्टर, पाइप, वायरिंग आणि टाकीसुद्धा नव्या हिशेबाने बघावी लागते. नेमकं हेच बजेटमध्ये कुणी धरलेलं नसतं.

कान द्या, मग गेज लावा

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. पंपाची दोनेक सेकंद 'गुं...' अशी घरघर ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज, रिले आणि अर्थिंग तपासा. बऱ्याचदा रोग एवढाच असतो.

आवाज येतोय? मग मेकॅनिकला फ्युएल प्रेशर गेज लावायला सांगा. 'गेज कशाला साहेब, पाइप काढून बघू ना, पेट्रोल येतंय की' असं उत्तर आलं तर सरळ दुसरं गॅरेज शोधा. पेट्रोल 'येतंय' आणि 'तीन बारने येतंय' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीडिंग तीन वेळा हवं : चावी ऑन असताना, आयडलिंगला आणि चढावर लोड घेताना. पहिली दोन बरोबर आणि तिसरं धाडकन खाली, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू बिचारा निर्दोष!

प्रेशर सगळीकडेच कमी असेल तर संशयित दोन : पंप किंवा रेग्युलेटर. रेग्युलेटर इंजिनजवळ असेल तर मेकॅनिक रिटर्नचा रबरी पाइप क्षणभर दाबून बघतो. प्रेशर झटकन वर गेलं तर पंप ठणठणीत, रेग्युलेटर ढिला. नाही गेलं तर पंप, फिल्टर किंवा पाइप. हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही.

पंपाला जेवण मिळतंय का?

कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाडीला टाकीपर्यंत जाड वायर ओढायचं कारणच नव्हतं. आता त्याच जुन्या हार्नेसमधून बारीक वायर काढून पंप चालवला, तर बॅटरीकडे व्होल्टेज भरपूर आणि पंपापाशी उपासमार. पंप चालू असताना त्याच्याच टर्मिनलवर मीटर लावा. बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्टने कमी दिसलं, तर नवा पंप घेऊ नका. योग्य जाडीची वेगळी वायर, रिले आणि चांगली अर्थिंग द्या.

दुसरी भानगड टाकीत. एमपीएफआय गाडीच्या टाकीत पंपाभोवती छोटं भांडं असतं, म्हणजे वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप बुडालेलाच राहतो. जुन्या टाकीत हे नसतं. म्हणून टाकी भरलेली असताना गाडी मख्खन, आणि पाव टाकीवर घाटातल्या प्रत्येक हेअरपिनला आचके! उपाय म्हणजे टाकीत भांड्यासकट पंप बसवणं किंवा बाहेर छोटी सर्ज टँक लावणं. पंप बाहेरच लावणार असाल तर टाकीच्या जवळ आणि खालच्या लेव्हलला लावा. हे पंप ढकलण्यात उस्ताद असतात, ओढण्यात कच्चे.

वीस वर्षं जुन्या टाकीतला गंज हा तिसरा व्हिलन. टाकी साफ न करता लावलेला नवा फिल्टर थोड्याच दिवसांत चोंदतो. शिवाय २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. जुन्या रबरी पाइपांना ते मानवत नाही. तेव्हा पाइप बदलायचेच.

लक्षण ओळखा

• *थंड असताना ठीक, अर्ध्या तासाने बंद :* टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' आवाज झाला आणि गाडी परत चालली, तर हवेची वाट बंद झालीय.

• *काळा धूर, पेट्रोलचा वास, अॅव्हरेज ढासळलेलं :* प्रेशर जास्त. बारीक किंवा दबलेली रिटर्न लाइन बघा. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये पेट्रोल सापडलं तर त्याचा पडदा फाटलाय.

• *सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो :* रात्रभरात प्रेशर उतरतंय. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर.

• *शहरात मस्त, हायवेवर दम तोडते :* फिल्टर, पंपाची क्षमता किंवा व्होल्टेज.

हा जुगाड नकोच!

रिले समजत नाही म्हणून पंपाला थेट चावीवरून करंट द्यायचा, हा आपल्याकडचा आवडता शॉर्टकट. गाडी चालतेही. पण कंपनीच्या सिस्टिममध्ये इंजिन बंद पडलं की ईसीयू पंपही बंद करतो. शॉर्टकटमध्ये अॅक्सिडेंट झाला, पाइप तुटला, तरी चावी ऑन आहे तोवर पंप तीन बारने पेट्रोल फवारत राहतो, तेही तापलेल्या इंजिनवर. पुढे काय होईल ते सांगायला नको. कार्ब्युरेटरचा साधा पाइप हाय प्रेशरला वापरणं हाही त्याच जातीचा आत्मघात. 'फ्युएल इंजेक्शन' असं छापलेला पाइप आणि त्याच्याच क्लिपा घ्या. काम चालू असताना बॅटरी सोडा, सिगारेट लांब ठेवा आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असू द्या.

आणि हो, कागदपत्रं! इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही. तेव्हा इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत चौकशी करा, आणि विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर क्लेमच्या वेळी हात चोळत बसाल.

थोडक्यात काय, तर स्वॅपचं बजेट मांडताना इंजिनाच्या किमतीखाली आणखी एक ओळ लिहा : टाकी, पंप, पाइप, वायरिंग. ही ओळ रिकामी ठेवून वाचवलेले पैसे पुढे टोइंगवाल्याला द्यावे लागतात. आणि घाटात टोइंगवाला घासाघीस करू देत नाही!