जास्वंदीला लिंबू का लागतं?

उस्मानपुऱ्यात कुंपणाशी लाल जास्वंद फुलली की ती गणपतीला जाणार, हे ठरलेलंच. त्यातली पाच-सहा फुलं शरबतासाठी मागे ठेवा; फवारणीची मात्र नकोत. हिरवा देठ आणि मधला परागांचा दांडा काढायचा, पाकळ्यांवर कडक पाणी ओतून झाकण ठेवायचं. पाकळ्या उकळू नका. जास्वंद भेंडीच्याच कुळातली, त्यामुळे शरबताला तार येते.

थोड्या वेळात पाकळ्या फिक्या पडतात आणि पाणी जांभळट होतं, बोअरचं असेल तर निळसरसुद्धा. बिघडलं म्हणून ओतून देऊ नका. अर्धं लिंबू पिळा, पेल्यात लाली धावत जाते.

पाकळीतला हा रंग अँथोसायनिन गटातला. आम्लात त्याचा रेणू धनभारित राहतो आणि लाल दिसतो. आम्ल कमी झालं की तो प्रोटॉन सोडतो आणि जांभळा-निळा होतो. आपलं बोअरचं पाणी बेसाल्ट खडकातून बायकार्बोनेट घेऊन येतं, गीझरमध्ये थर धरणारं तेच. म्हणून ते बहुधा किंचित अल्कधर्मी असतं. निळं कॉर्नफ्लॉवर आणि लाल गुलाब यांतलं मूळ रंगद्रव्य एकच, हे दाखवणाऱ्या रिचर्ड विलस्टेटरना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी 1915 चं नोबेल मिळालं.

खरं सांगायचं तर जास्वंदीत रंग आहे, चव फारशी नाही. चव हवी तर तिची बहीण, लाल अंबाडी. मराठवाड्यात कण्यांबरोबर तिचा पाला खाल्ला जातो. शरबताला लागतात ती फूल गळून गेल्यावर उरणारी मांसल लाल बोंडं. सायट्रिक, मॅलिक आणि हिबिस्कस आम्लं त्यांच्यातच असल्याने लिंबाशिवायही पाणी लालभडक राहतं. फक्त पातेलं स्टीलचं घ्या. आंबट रस ॲल्युमिनियमला खातो. इजिप्त-सुदानात याच बोंडांचं करकदे होतं. जमैकात नाताळला त्यात आलं पडतं, आणि घेणाऱ्यांसाठी रमसुद्धा. मद्यार्कातही हा रंग छान उतरतो.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या 2010 च्या अभ्यासात किंचित वाढलेला रक्तदाब असलेल्या 65 जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला. त्यांचा वरचा दाब सरासरी 7.2 अंकांनी उतरला. नुसत्या रंग-स्वादाचं पेय घेणाऱ्यांचा 1.3 ने. तो चहा बोंडांचा होता, आपल्या कुंपणावरच्या पाकळ्यांचा नव्हे. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी रोजचा रतीब लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.